सोलर बसवण्याच्या धंद्यात कोणता ग्राहक धरावा? विट्याहून आलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला आहे, काही वर्षं वायरिंगची कामं केली आहेत, आता सांगली जिल्ह्यातल्या विट्यात सोलर बसवण्याचा व्यवसाय सुरू करायचा आहे. घरं, सोसायट्या, कारखाने आणि शेती यांपैकी कुठला बाजार वाढतोय? सुरुवात कुठून करावी? आणि गाळा घेऊन माल भरून ठेवावा का?

वाढ चारही ठिकाणी आहे. देशातली एकूण सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली आणि तेव्हापासून वेग वाढतोच आहे. म्हणून नुसती वाढ बघून निर्णय घेऊ नका. तुमच्या कामाचे पैसे कोणाच्या खिशातून येणार आणि काम झाल्यावर किती दिवसांनी येणार, ते आधी बघा. या धंद्यात काम नाही म्हणून बंद पडलेली दुकानं मी फार पाहिली नाहीत. काम भरपूर आणि पैसे अडकलेले, या अवस्थेत बंद पडलेली मात्र बरीच पाहिली आहेत. चारही गटांकडे मी याच नजरेने बघतो, आणि तुमचा तालुका कसा आहे हेही त्यात धरतो.

घरांपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

काही वर्षांपूर्वी घरावर सोलर लावणारा माणूस ठरलेला असे: डॉक्टर, सराफ, मोठा व्यापारी, म्हणजे ज्याच्या घरी दोन-तीन एसी आणि पाच आकडी बिल. अनुदान होतं, पण २०२२ साली ते किलोवॅटला १४,५८८ रुपये होतं आणि हातात पडेपर्यंत ग्राहक वैतागून जाई. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि चित्र पालटलं. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. हे पैसे थेट ग्राहकाच्या खात्यात जमा होतात. एक कोटी घरांचं उद्दिष्ट आणि ७५ हजार कोटींची तरतूद आहे. मार्च २०२५ पर्यंत दहा लाख घरांचा टप्पा पार झाला. गुजरात पुढे राहिला, पण महाराष्ट्रही आघाडीच्या राज्यांत आहे. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट २०२४ च्या नियमबदलात काढून टाकली, त्यामुळे फाईल पूर्वीसारखी टेबलावर पडून राहत नाही.

यामुळे ग्राहक बदलला. आता शिक्षक, एसटीतला चालक, निवृत्त तलाठी, किराणा दुकानदार सोलर लावतात. सरासरी यंत्रणा लहान झाली, कामांची संख्या वाढली. आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे लवकर फिरू लागले. आमच्या भागात तीन किलोवॅटचं चांगलं काम साधारण १ लाख ८० हजार ते २ लाख १० हजारांत होतं. ग्राहक स्वतःचा हिस्सा आधी देतो, उरलेली रक्कम बँक कर्जातून थेट विक्रेत्याच्या खात्यात टाकते. अनुदान ग्राहकाचं, त्यासाठी तुम्हाला सरकारच्या दारात उभं राहावं लागत नाही. नवख्या माणसाला दुसऱ्या कुठल्या गटात इतकी मोकळीक नाही.

पण इथे एक गोष्ट सर्रास चुकीची केली जाते, ती तुम्ही करू नका. अनुदानाची कमाल रक्कम तीन किलोवॅटला मिळते म्हणून सगळे विक्रेते डोळे झाकून तीनच किलोवॅट विकतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे बघा: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. शंभरीच्या पुढे गेलं की दर दुपटीच्या आसपास जातो. सोलरची वीज वळती होते (बिलातल्या युनिटमधून वजा होते) तेव्हा ती बिलातले वरचे, म्हणजे महागडे युनिट आधी खाते. महिन्याला ३०० युनिट लागणारं घर घ्या. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतो, म्हणजे दोन किलोवॅटचे महिन्याला सुमारे २४० झाले. महागडा टप्पा पूर्ण गेला, शिवाय स्वस्त टप्प्यातलेही काही युनिट गेले. तिसरा किलोवॅट काय करतो? उरलेले साठ स्वस्त युनिट वाचवतो, आणि त्यावर जे जादा तयार होतं ते वर्षभर खात्यात साठतं. ३१ मार्चला हिशोब होतो तेव्हा शिल्लक युनिटना आपल्या घरच्या दरापेक्षा बरंच कमी मोल मिळतं. शिवाय तिसऱ्या किलोवॅटला अनुदानही कमी. म्हणून अशा घराला मी दोन किलोवॅट सुचवतो. येत्या वर्षभरात एसी, इंडक्शन किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं ठरलं असेल तरच तीन. ग्राहकाला हे कागदावर मांडून दाखवलंत तर तो तुमच्याकडून दोनच किलोवॅट घेईल, पण त्याचा भाऊ, साडू आणि शेजारी तुमच्याचकडे येतील. विट्यासारख्या गावात धंदा असाच वाढतो.

‘शून्य बिल’ हा शब्द कोटेशनमध्ये लिहूच नका. स्थिर आकार येतच राहतो. आणि साध्या ऑनग्रिड (महावितरणच्या लाईनला जोडलेल्या, बॅटरी नसलेल्या) यंत्रणेत वीज गेली की सोलरही बंद होतं, हे पैसे घेण्याआधी सांगा. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) तसाच बनवलेला असतो. गावाकडे दुपारी दोन-दोन तास वीज जाते, तेव्हा ग्राहक हमखास फोन करतो की भर उन्हात पॅनेल असून पंखा का फिरत नाही. आधी सांगितलेलं असेल तर फोन येत नाही.

तुमच्या तालुक्याची एक वेगळी बाब आहे. खानापूर-आटपाडीची असंख्य कुटुंबं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायासाठी देशभर पांगलेली आहेत. गावाकडे त्यांचे टोलेजंग बंगले आहेत. बंगला बघून तुम्हाला वाटेल की हा पाच किलोवॅटचा ग्राहक. पण बरेच बंगले वर्षातले दहा महिने कुलुपात असतात, वापर नाही, मग वाचणार काय? अशा ठिकाणी आई-वडील कायम राहत असतील तर त्यांच्या खऱ्या वापरापुरतं एक-दोन किलोवॅट सांगा. बारा महिन्यांची बिलं हातात घेतल्याशिवाय एकाही घराला कोटेशन देऊ नका.

१०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांना पूर्वी सोलर परवडतच नसे. त्यांच्यासाठी राज्याने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली. एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० वर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्याचे १७,५००, त्यामुळे ग्राहकाच्या वाट्याला अगदी थोडी रक्कम उरते. या कामात नफा फार बारीक आहे. पण एका वस्तीत सलग कामं मिळाली तर गाडी आणि माणसं एकाच फेरीत लागतात, तेव्हा जमून जातं. आणि ज्या घराला पावसाळ्यातलं दोनशे रुपयांचं बिलही जड जातं, तिथे लागलेलं एक किलोवॅट मला कारखान्यावरच्या शंभर किलोवॅटइतकंच मोलाचं वाटतं.

सोसायट्यांचं थोडक्यात सांगतो, कारण विट्यात तो गट लहान आहे. सांगली, कोल्हापूर, पुण्याकडे मोठा आहे. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरसाठी किलोवॅटला १८,००० अनुदान आहे, घरामागे तीन किलोवॅटच्या हिशोबाने पाचशे किलोवॅटपर्यंत. पार्किंगमध्ये गाड्या चार्ज व्हायला लागल्यापासून विचारणा वाढली आहे. पैसे बुडत नाहीत, पण निर्णयाला वर्ष लागतं. सर्वसाधारण सभा, मग तीन कोटेशनं, मग कमिटी बदलते आणि पहिल्यापासून सुरू. गच्चीवर पाणी तापवायच्या सोलरच्या टाक्या आधीच बसलेल्या असतात. त्यांची सावली कुठे पडते ते डिसेंबरच्या उन्हाचा कोन धरून बघावं लागतं, मे महिन्यात पाहणी करून चालत नाही.

आता कारखाने. खरी उलथापालथ इथे चालली आहे, आणि नवख्या माणसाने नीट समजून मगच पाऊल टाकावं असा हा गट आहे.

गेली कित्येक वर्षं कारखानदाराला सोलर विकणं सोपं होतं. वीज महाग, पॅनेल स्वस्त होत चाललेलं, वर आयकरात ४० टक्के घसारा. तीन-चार वर्षांत पैसे वसूल, असं एका पानावर दाखवता येई. आता वेळेनुसार वीजदरातली सवलत दुपारकडे आली. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दिशा ठरवून दिली: उन्हाच्या तासांत वीज किमान २० टक्के स्वस्त, मागणीच्या तासांत महाग. महाराष्ट्रात २०२५ च्या दरनिश्चितीत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे सवलतीचे तास धरले गेले आणि त्यावरून उद्योगांनी न्यायालयापर्यंत धाव घेतली. निकालांमुळे आकडे पुढे-मागे होतील, पण दिशा बदलणार नाही, कारण दुपारी वीज जास्त आणि संध्याकाळी कमी ही राज्याची नव्हे, सगळ्या देशाची स्थिती होत चालली आहे.

याचा परिणाम समजून घ्या. वेळेनुसार दर असलेल्या ग्राहकाची दुपारची सौरवीज आधी दुपारच्याच वापरातून वळती होते. म्हणजे तुमचं पॅनेल कारखानदाराचे सगळ्यात स्वस्त युनिट वाचवतं. जुन्या हिशोबाने तीन वर्षांत वसूल होणारा प्रकल्प आता पाच वर्षांवर जाऊ शकतो, आणि रविवारी बंद राहणाऱ्या कारखान्यात त्याहून पुढे. म्हणून कारखान्याची बिलं बघताना एकूण युनिट बघू नका. तासवार वापर मागा, मीटरमधून तो काढता येतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या (धातूचं ओतकाम करणारे कारखाने) रात्रीच्या सवलतीसाठी भट्ट्या रात्री लावत आल्या. सवलत दिवसाकडे सरकल्यावर त्यातले काही जण वितळवण्याची पाळी दिवसा आणण्याचा विचार करताहेत. असा ग्राहक भेटला तर तिथे सोलर चांगलं बसतं, कारण वीज जिथल्या तिथे खर्च होते. भट्टी रात्रीच चालणार असेल तर मोठी यंत्रणा विकू नका, मालक मागत असला तरी.

मोठे उद्योग छपराच्या पुढे गेले आहेत. २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी खुल्या प्रवेशाची (दूरच्या प्रकल्पाची वीज ग्रिडमधून थेट घेण्याची) मर्यादा एक मेगावॅटवरून शंभर किलोवॅटवर आणली. एखाद्या सौर प्रकल्पात २६ टक्के भागभांडवल आणि ५१ टक्के वीज वापर या अटीवर अनेक कारखाने एकत्र येऊन दूरच्या माळरानावरची वीज घेतात. हा खेळ मोठ्या कंपन्यांचा आहे. तुमच्यासाठी त्यात मजुरीचं आणि देखभालीचं काम आहे, प्रकल्पाचं नाही.

तुमच्या जवळचे ‘उद्योग’ म्हणजे यंत्रमाग, पोल्ट्री, आणि तासगाव-सांगलीकडची बेदाण्याची शीतगृहं. यंत्रमागाला वीजदरात सरकारी सवलत आहे, त्यामुळे वाचणारा प्रत्येक युनिट स्वस्त पडतो आणि परतावा लांबतो. त्यात जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतात. त्यावर भोक पाडायचं नाही, त्यावर माणूस चढवायचा नाही. खालची कैची आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे आधार) वजन पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. पत्रा फुटून माणूस खाली पडल्याच्या घटना या धंद्यात घडल्या आहेत, आणि त्याची भरपाई कुठल्याही नफ्यातून होत नाही. पोल्ट्रीला शेतीच्या ‘इतर’ गटातला दर लागतो, तोही उद्योगापेक्षा कमी. शिवाय शेडमधल्या अमोनियाने साधा पाईप दोन-तीन पावसाळ्यांत गंजतो, म्हणून तिथे हॉट डिप गॅल्व्हनाइज्डशिवाय (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडाशिवाय) स्ट्रक्चर लावू नका. शीतगृह मात्र मला या भागातला सगळ्यात चांगला ग्राहक वाटतो. बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतो, शीतगृह भरतं आणि कॉम्प्रेसर ऐन उन्हाळ्यात दिवसभर धडाडत असतात. ऊन आणि भार एकाच वेळी. दर पोल्ट्रीसारखाच शेतीच्या ‘इतर’ गटातला, पण पक्कं छप्पर आणि हिशोब समजणारा मालक.

या गटात उधारी मोठी असते. माल पोचल्यावर ७० टक्के मिळत नसतील तर काम घेऊ नका. पन्नास किलोवॅटच्या एका कामात अडकलेले पैसे तुमची वर्षभराची घरगुती कामं थांबवतील.

शेतीकडे वळतो. आकड्यांनी बघितलं तर महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा सौर बाजार हाच. एकीकडे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’: शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, बाकी केंद्र आणि राज्य देतं. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. दुसरीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, तिचं २०२३ मधलं दुसरं पर्व: उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचे प्रकल्प उभारून गावच्या शेतीफीडरला (शेतीपंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीला) दिवसा वीज. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. एकूण सोळा हजार मेगावॅटच्या आसपासचं नियोजन आहे. पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. रात्री दोन वाजता बिबट्याच्या आणि विंचू-काट्याच्या भीतीत दारं धरणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा पाणी मिळणं, याहून मोठं काम सौरऊर्जेने आपल्या राज्यात केलेलं नाही असं मी मानतो.

पण तुमच्या दुकानासाठी? पंपाची कामं निवड झालेल्या पुरवठादार कंपन्यांना मिळतात. तालुक्यातली पोरं त्यांच्या हाताखाली बसवणी करतात. सरकारकडून कंपनीला, कंपनीकडून जिल्ह्याच्या ठेकेदाराला, त्याच्याकडून तुम्हाला, असा पैसा झिरपत येतो, आणि प्रत्येक पायरीवर महिने जातात. एका कंपनीसाठी खड्डे, काँक्रीट आणि वाहतूक स्वतःच्या पैशाने करून बसलेली माणसं मला माहीत आहेत. बसवणीचं काम घेणार असाल तर फक्त मजुरी घ्या, साहित्य त्यांचं, आणि हिशोब दर आठवड्याला.

त्यापेक्षा शेतीत दुसरं काम आहे ज्याकडे कमी लोक बघतात. पंपाची पाच वर्षांची हमी संपत आलेले जुने संच आता गावोगावी आहेत. कंट्रोलर बंद पडतात, केबल चोरीला जाते, वादळात पॅनेल उलटतं, आटपाडीकडच्या खोल बोअरमध्ये पाणी खाली गेलं की मूळचा पंप पुरत नाही. डाळिंबाची बाग ठिबकवर असते, मे महिन्यात चार दिवस पंप बंद राहिला तर बहर जातो. त्या शेतकऱ्याला कंपनीच्या टोल-फ्री नंबरपेक्षा दोन तासांत येणारा माणूस हवा, आणि तो रोख पैसे देतो. कंट्रोलर दुरुस्ती शिका. तुमचा डिप्लोमा इथे कामाला येईल.

मालाबद्दल. पाच-सात वर्षांपूर्वी ३३० वॅटचं पॉली पॅनेल बसवायचो, आता ५५० च्या पुढचं मोनो, बायफेशियल (दोन्ही बाजूंनी वीज करणारं), आणि टॉपकॉन या नव्या प्रकारचं सर्रास मिळतं. अनुदानासाठी देशी सेलचं (पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या चकत्यांचं) पॅनेल सक्तीचं आहे आणि ते आयात सेलच्या पॅनेलपेक्षा महाग पडतं. सेलसाठीही मान्यताप्राप्त यादी लागू करायला १ जून २०२६ ही तारीख ठरवली गेली, त्यामुळे बिनअनुदानाच्या कामांचे भावही त्या हिशोबाने धरा. दुसऱ्या बाजूने, सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. भाव वर्षातून दोन-तीनदा हलतात. म्हणून कोटेशनवर मुदत लिहा, पंधरा दिवसांपेक्षा जास्त नको.

स्पर्धेत किंमत पडते तेव्हा काटछाट पॅनेलमध्ये होत नाही, कारण तिथे कंपनीचं नाव दिसतं. ती होते स्ट्रक्चर, अर्थिंग आणि केबलमध्ये. आपल्याकडे लोकांना गच्ची मोकळी हवी असते, वाळवण घालायला, लग्नात जेवणावळ मांडायला. म्हणून आठ-दहा फूट उंच सांगाडा मागतात. उंची वाढली की वाऱ्याचा जोर वाढतो आणि जाड पाईप, मोठी बेसप्लेट लागते. त्याचे पैसे वेगळे सांगा, पण पातळ पाईपवर उंच सांगाडा उभा करू नका. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरूडकडे छपरांची जी अवस्था झाली ती आठवा. आपल्या भागातही वळवाचा वारा काही कमी नसतो. डीसी (पॅनेलकडची), एसी (घराकडची) आणि वीजरोधकाचं (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचं) अर्थिंग वेगवेगळं करा आणि रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) भार बघून घ्या. एकाच रोहित्रावर आठ-दहा घरांनी सोलर लावलं की दुपारी व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. तक्रार तुमच्याकडे येते, दोष लाईनचा असतो.

घरगुती योजनेत पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. पहिल्या वर्षी शंभर घरं केली तर पाचव्या वर्षापर्यंत त्या सगळ्या घरांचे फोन तुम्हालाच येणार. त्याचा खर्च आजच्या किमतीत धरला नसेल तर चौथ्या वर्षी तुम्ही फोन उचलणं बंद कराल. म्हणून प्रत्येक कामातून थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि दुसरा माणूस नेमाल तो विक्रीला नको, दुरुस्तीला नेमा.

बॅटरीकडे लक्ष ठेवा. लिथियमच्या किमती उतरत आहेत आणि संध्याकाळची वीज महाग होते आहे, त्यामुळे कारखान्यांकडून आणि दवाखान्यांकडून विचारणा सुरू झाली आहे. घरांसाठी अजून घाई नको. पण इन्व्हर्टर निवडताना पुढे बॅटरी जोडायची आहे का, हे ग्राहकाला आत्ताच विचारा.

शेवटी गाळ्याचा प्रश्न. पॅनेल आणि इन्व्हर्टर भरून ठेवू नका. मॉडेल बदलतं, यादी बदलते, भाव उतरला तर तुमचं भांडवल त्या खोक्यांत अडकतं. सांगली, कोल्हापूरचे वितरक दोन-तीन दिवसांत माल पोचवतात. तुमच्याकडे असू द्या ते चार चौरस मिलिमीटरची डीसी केबल, पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी-फोर कनेक्टर, फ्यूज, एसपीडी (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण), अर्थिंगचे रॉड, पॅनेल धरून ठेवणारे मिड आणि एंड क्लॅम्प. पाचशे रुपयांच्या अशा वस्तूसाठी पाच माणसं दिवसभर गच्चीवर बसून राहतात. त्यासाठी एक खोली आणि एक कपाट पुरे.